बस्ता

कुंडलिकला लग्न करायचंय हे घरात सगळ्यांत आधी सगुणाबाईला कळलं, आणि कळल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

लेक पौषात परतला. लढाई संपून कित्येक महिने झाले होते. मधले दिवस त्यानं कुठल्याशा फौजी दवाखान्यात काढले. आला तो मुका होऊन आला. औतामागं चालायचा, गोठा झाडायचा, पुढ्यात वाढाल ते खाली मान घालून खायचा, पण आईला हाक नाही की बापाशी शब्द नाही. हिर्डोशीतल्या बायका येऊन हळहळल्या, देवऋषी अंगारा लावून गेला. आणि मग एके दिवशी पाठीला तेल लावायला म्हणून सगुणाबाईनं त्याचा दंड धरला, तर पोरगा पुटपुटला, "बास्ता."

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "बास्ता. बास्ता."

एवढे दिवस न वापरल्यानं जीभ जड झालेली, त्यामुळे उच्चार जरा आडवा होता, पण आईला कळायला तेवढा पुष्कळ झाला. लग्न कर म्हणायला पोर लाजलं आणि बस्ता म्हणालं. लग्नाचं कापड घ्यायची घाई पोराला झाली होती आणि आपण गंडेदोरे करत बसलो, म्हणून तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या आळीत झाली. सगळं गाव हसलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरावरून कुणी बरं हसलं.

मग काय विचारता. वेल्ह्याकडच्या रखमाजीची ठकू पसंत झाली, वैशाखातला मुहूर्त निघाला आणि भोरच्या पेठेत दोन्हीकडच्या मंडळींनी जमून बस्ता बांधायचा ठरलं. नवऱ्या मुलानंही यायचं, असा सगुणाबाईचा हट्ट. ज्यानं बस्ता मागितला त्याच्या डोळ्यांपुढं तो बांधला पाहिजे, असं ती येईल-जाईल त्याला सांगत होती.

मानसिंगला हे सगळं पुण्यात कळलं. बी.ए.चे पेपर तोंडावर, म्हणून दादा परत आल्यावरही त्याला घरी येता आलं नव्हतं. दादा म्हणजे चुलतभाऊ. आनंदराव हे थोरले चुलते, घराचे कर्ते. मानसिंगचा बाप तो पाळण्यात असतानाच तापानं गेला, आणि तेव्हापासून त्याची आई साळूबाई थोरल्या जावेच्या हाताखाली चूल फुंकत होती. दादा बस्ता मागतोय हे ऐकून मानसिंग बोर्डिंगातल्या खोलीत एकटाच मोठ्यानं हसला होता. त्या हसण्याची पुढं त्याला इतकी लाज वाटली की ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही.

बस्त्याच्या आदल्या संध्याकाळी तो हिर्डोशीला पोचला. कुंडलिक गोठ्यात होता. मानसिंगनं त्याला कवटाळलं तेव्हा तो लाकडासारखा उभा राहिला आणि सोडल्यावर पुन्हा शेण ओढायला लागला.

पहाटे बैलगाडी जुंपली. आनंदराव धुरेवर, मागं गवताच्या गादीवर दोघी जावा, कुंडलिक आणि मानसिंग. सगुणाबाई अशी खुशीत की वाटेतल्या झाडांशीही बोलली असती. तिनं मानसिंगची फिरकी घ्यायला सुरुवात केली.

"आमच्या मानसिंगानं पाच वर्सं जर्मन शिकून काय केलं, सांगू का साळू? एक पातेलं न्हाई आणलं घरात."

हा विनोद गावात जुना झाला होता. जर्मन म्हटलं की हिर्डोशीला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी तेवढी ठाऊक. पोरगं पुण्याला भांडी घडवायला शिकतंय असं सुरुवातीला खरंच काही जणांना वाटलं होतं.

"थोरली आई, भाषा आहे ती," मानसिंग हसून म्हणाला.

"भाषा हाय ते मला म्हाईत हाय. पर ती बोलायची कुनासंगं? भोरच्या कचेरीत हाय का कोन जर्मन?"

"आगं, कचेरीत कशाला," धुरेवरून आनंदराव म्हणाले. मान वळवली नाही त्यांनी. "कचेरीत आसल्या शिक्षणाचं नाव काढलं आन् कारभारी म्हणले, आनंदराव, दुश्मनाची बोली शिकवली व्हय पोराला? तुमचा थोरला तर सरकारच्या बाजूनं लढतोय. काय सांगायचं मग म्या? गप बसलो."

मानसिंगला आपण जर्मन का घेतली ते आठवलं. संस्कृत घ्यावी तर लहानपणापासून पाठांतर झालेल्या पोरांच्या वर्गात तो मागं पडणार हे उघड होतं. जर्मनच्या वर्गात सगळेच सारखे अडाणी, सगळे पहिल्या अक्षरापासून, म्हणून त्यानं ती घेतली होती. पहिल्याच तासाला प्रोफेसरांनी परकी भाषा शिकण्याचे फायदे सांगितले होते: रसायनाची पुस्तकं मुळातून वाचता येतात, कारखान्यांना भाषांतर करणारी माणसं लागतात, परदेशी जाता येतं, आणि आपल्याला न कळणारा माणूस कळायला लागतो. पण लढाई पेटलेली होती. पुस्तकं यायची थांबली, त्या कारखान्यांना टाळी लागली आणि परदेशी जायचं ते बंदूक घेऊन. शेवटच्या फायद्याबद्दल परीक्षेत कधी प्रश्न आला नाही, म्हणून मानसिंगनं तो मनावर घेतला नव्हता.

"एक पोरगं बंदूक घिऊन त्यांच्याकडं गेलं आन् एक पाटी घिऊन," सगुणाबाई म्हणाली. हसतच म्हणाली, पण साळूबाईची नजर खाली गेली.

कारण ते बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. भरतीवाले आले तेव्हा घरटी एक गडी द्यायचं पाटलानं कबूल केलं होतं. या घरात गडी दोन. मानसिंग मॅट्रिकला बसलेला, म्हणून कुंडलिक गेला. दुसऱ्याच वर्षी वाळवंटात पकडला गेला, तिथून इटलीत, तिथून जर्मनीत, एवढंच काय ते पलटणीकडून कळलं. त्या वर्षांत सगुणाबाईनं जावेला उणा शब्द कधी लावला नाही, पण जेवायला वाढताना मानसिंगच्या ताटाकडं बघायची ती तिची नजर साळूबाईला रोज लागायची. आता लेकाच्या लग्नात सगळं धुऊन निघेल, अशी आशा साळूबाईनंही धरली होती.

ओढ्यात बैल अडले. गाडी हलकी करायला सगळे उतरले, कुंडलिक तेवढा बसून राहिला. आनंदरावांनी त्याच्या दंडाला धरून खाली ओढलं. त्याबरोबर त्यानं दुसरा हात डोक्यावर आडवा धरला, मान खांद्यांत ओढून घेतली आणि म्हणाला, "बास्ता... बास्ता."

"बगा, धीर निघंना," सगुणाबाई पाण्यातनं म्हणाली.

मानसिंग ओढ्यात घोटाभर पाण्यात उभा होता, तो तसाच राहिला. हा शब्द त्यानं पाच वर्षं ऐकला होता. प्रोफेसर तास संपवताना पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, 'उंट डामिट बास्टा.' झालं, आता पुरे. शब्द मूळचा इटलीचा, जर्मनांनी उचललेला, असंही त्यांनी एकदा सांगितलं होतं. पोरांनी तो उचलला, खानावळीत कुणी जास्त आमटी वाढली की पोरं 'बास्टा' म्हणून ओरडायची.

जीभ जड झालेली नव्हती. दादा तो शब्द अगदी बरोबर म्हणत होता.

चढ लागला तशी मानसिंग आईबरोबर गाडीच्या मागं चालायला लागला. गाडी थोडी पुढं जाऊ दिली.

"आई, दादा लग्नाचं बोलत नाही."

"मग कशाचं बोलतोय?"

"पुरे म्हणतोय. आपण बास म्हणतो ना, तसं. तिकडचा शब्द आहे तो. मारू नका, बास करा, असं म्हणतोय तो."

साळूबाई थोडं चालली. मग म्हणाली, "मग बासच म्हणला आसता की."

"ज्यांना म्हणत होता त्यांना आपलं बास कळलं नसतं."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. गाडीत सगुणाबाई लेकाच्या सदऱ्याची गुंडी लावत होती आणि काहीतरी गात होती. ते बघून साळूबाईनं पोराचं मनगट धरलं.

"हे कुनाला बोलू नगंस. तुला माजी आन हाय."

"त्या मुलीचं काय, आई?"

"तिचं तिच्या नशिबानं. आपुन ह्यांच्या घरात ऱ्हातो, मानसिंगा. त्यो गेला म्हणून तू शिकलास, आन् आता त्याचं लगीन तू मोडलंस, तर थोरल्या बाई मला विहिरीचं पाणी न्हाई भरू द्यायच्या."

तिचं खोटं नव्हतं. मानसिंगला ते कळत होतं, आणि कळूनही राग येत होता. आईचा नव्हे, कुणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं.

भोरला पोचेतो उन्हं कलायला लागली होती. पेठेच्या तोंडाशी चिंचेखाली गाडी सोडली. बायका तोंड धुवायला गेल्या. आनंदराव बैलांना पेंढा टाकत होते, तिथं मानसिंग गेला. आईनं घातलेल्या आणेची पर्वा न करता त्यानं जे होतं ते सांगून टाकलं.

आनंदरावांनी पेंढीचा बंध सोडला, पेंढा नीट पसरला.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठावं आहे?"

"ती भाषा न्हाई ठावं. पर लगीन मागणारं पोर डोस्क्यावर हात धरून मागत न्हाई. बाप हाय म्या त्याचा."

"मग आबा, हे सगळं..."

"मग काय? आमी दोगं गेल्यावं त्याच्याफुडं भाकरी कोन ठिवंल? तू? तू पुण्यात ऱ्हाशील, कुनाला तरी जर्मन शिकवशील." त्यांनी बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला. "बाय आली का करती समदं. तुज्या आईनं न्हाई केलं? नवरा न्हाई, काय न्हाई, केलंच न्हवं?"

"तिला विचारून नव्हतं केलं, आबा."

आनंदरावांनी पहिल्यांदा पुतण्याकडं सरळ पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते, ते धुळीनं असतील किंवा नसतीलही.

"तुज्या थोरल्या आईला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. पोर पलटणीत गेल्यापासनं आता हासाय लागलीया ती. तुला काय वाटंल ते मला बोल. तिच्याम्होरं एक सबूद काडलास तर याद राख."

दुकानात वेल्ह्याची मंडळी आधीच येऊन बसली होती: रखमाजी, त्याची बहीण रतनबाई आणि आत्याच्या पाठीशी अंग चोरून ठकू. नवरीला बस्त्याला आणायची रीत नव्हती, पण ठकूला आई नाही आणि चोळीचं माप द्यायचं होतं, म्हणून आणली. पांढऱ्या गादीवर सगळे टेकले. कापडाचं सरकारी कंट्रोल अजून उठलं नव्हतं, त्यामुळे शेटजी प्रत्येक ठाण उघडताना उपकार केल्यासारखा चेहरा करत होते.

"बस्ता कुणाकडचा?" त्यांनी विचारलं.

"दोनी घरचा, शेटजी," सगुणाबाई म्हणाली. "आमच्या लेकानं तोंडानं मागितलेला बस्ता हाय ह्यो. लढाईवरनं आला तवा बोलत नव्हता. पैला सबूद बोलला त्यो बस्ता." आणि तिनं सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकंही ऐकायला वळली. शेटजी हसले, रखमाजी हसला, रतनबाईनं कौतुकानं बोटं मोडली. मानसिंगनं कुंडलिककडं पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसला होता, आणि तो शब्द कुणी उच्चारला की त्याच्या पायाची बोटं आवळायची. ते दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, कारण दुसरं कुणी त्याच्या पायांकडं बघत नव्हतं.

लुगडी निघाली. रतनबाईला जांभळं हवं, सगुणाबाईला हिरवं. हिरवं ठरलं. मानसिंग पाण्याचा तांब्या फिरवत ठकूपाशी गेला, तेव्हा ते लुगडं तिच्या मांडीवर होतं. विळ्यानं कापलेल्या बोटाला तिनं चिंधी बांधली होती, आणि चिंधीचा डाग लागू नये म्हणून ते बोट वर धरून ती बाकीच्या बोटांनी काठ चाचपत होती.

"भावजी," ती इतक्या हळू म्हणाली की आधी त्याला वाटलं दुसऱ्या कुणाशी बोलतेय. "समदी म्हणत्यात, ते माझ्यापाई बोलाय लागलं. खरं हाय का?"

तोंडाशी आलेलं उत्तर मानसिंगनं परतवलं, आणि "पाणी घ्या" म्हणाला. तिनं ते होकारासारखं घेतलं असावं, कारण ती खाली मान घालून हसली. ते हसणं बघून मानसिंगला स्वतःचा जितका तिटकारा आला तितका तोवर कधी आला नव्हता.

कापड मोठ्या धडप्यात घातलं. शेटजींच्या नोकरानं आणि रखमाजीनं टोकं धरून गाठ मारली. रतनबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाली. "नवरदेवाचा हात लावा बस्त्याला," कुणीतरी म्हणालं. "बस्ता बांधला, बस्ता बांधला," असा एकच गलका झाला, आणि नोकरानं एका बाजूनं, आनंदरावांनी दुसऱ्या बाजूनं कुंडलिकचे दंड धरून त्याला उठवलं.

तो उठला नाही. त्यानं अंग टाकून दिलं, दोघांच्या हातांतून सुटून गादीवर उपडा पडला, आणि दोन्ही हात मानेवर गच्च धरून ओरडायला लागला. "बास्ता, बास्ता, बास्ता." आवाज मोठा होता, पण त्यात राग नव्हता. विनवणी होती. आधी कुणीतरी हसलं. मग दुकानातले सगळे आवाज बंद झाले आणि तेवढा एकच राहिला.

"बया, ह्याला वारं आलंय," रतनबाई मागं सरली.

"वारं न्हाई का काय न्हाई," आनंदराव म्हणाले. "ऊन लागलंय. सकाळधरनं पोटात काय न्हाई. मानसिंग, दादाला भाईर घे. पानी मार तोंडावं. निस्तं ऊन हाय, पाव्हणं, बसा तुमी."

रखमाजी बसलाही. गरीब मनाचा माणूस, त्याला उन्हावर विश्वास ठेवायचाच होता. मानसिंगला फक्त दादाला उचलून बाहेर न्यायचं होतं, तोंडावर पाणी मारायचं होतं, आणि घटकाभरानं कुंकू लागून बस्ता गाडीत पडला असता. आईची आण होती, एकदा मोडलेली. आबांनी याद राखायला सांगितलं होतं. ठकूनं हिरव्या लुगड्याचं धडप्याबाहेर राहिलेलं टोक मुठीत धरलं होतं आणि ती कुंडलिककडं बघत होती.

मानसिंग गादीवर गुडघे टेकून बसला. त्यानं दादाला हात लावला नाही. तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि म्हणाला, "फेर्टिग. आल्लेस फेर्टिग."

कुंडलिकचं ओरडणं थांबलं.

मानसिंग पुन्हा तेच म्हणाला, आता जरा मोठ्यानं, वर्गात म्हणायचा तसं स्पष्ट. मानेवरचे हात हळूहळू सुटले. कुंडलिकनं डोकं वर केलं, आणि पौषापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडाकडं पाहिलं.

"आर्बाइट फेर्टिग?" त्यानं विचारलं.

"या," मानसिंगनं जर्मनमध्येच होकार दिला. "फेर्टिग."

कुंडलिकनं दाराकडं बघितलं, पुन्हा मानसिंगकडं बघितलं. "नाख हाउझ?"

मानसिंगनं होकाराची मान हलवली.

"बोलला," सगुणाबाई म्हणाली. ती लोकांना बाजूला सारत पुढं आली, तिचा चेहरा नुसता उजळला होता. "आवं, ऐकलं का, माजा कुंडलिक बोलला. काय म्हणला रं त्यो? मानसिंगा, काय म्हणला?"

मानसिंगनं आबांकडं पाहिलं नाही.

"काम संपलं का विचारतोय, थोरली आई."

"कसलं काम?"

"तिकडचं. कैदेतलं." मग उरलेलंही त्यानं सांगितलं. "आता घरी सोडणार का, असं विचारतोय."

सगुणाबाईच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही. ती थोडा वेळ तशीच हसऱ्या तोंडानं बघत राहिली, जणू काही मानसिंगचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं.

"घरीच तर हाय त्यो," ती म्हणाली. "पौषापासनं घरीच हाय की."

रखमाजी उठून उभा राहिला. "पोरा, तू शिकल्याला हायस. आमाला अडाण्यांना खरं सांग. त्यो बस्ता बस्ता करतोय, त्याचा अर्थ काय?"

मानसिंगनं सांगितला. दोन-तीन वाक्यांतच सांगून झालं. एवढ्या शिक्षणानंतर सांगायला तेवढंच होतं.

"आनंदराव, तुमाला ठावं व्हतं?" रखमाजीनं विचारलं. आनंदराव उभ्या जागी दुसरीकडं बघत राहिले, आणि रखमाजीला जे कळायचं ते कळलं. त्यानं आरडाओरडा केला नाही. पटका सारखा केला, बहिणीला डोळ्यानं खुणावलं. शेटजींच्या नोकरानं गाठ सोडायला घेतली, तशी ठकूनं स्वतःच हिरवं लुगडं त्यातून ओढून काढलं, मांडीवर घेऊन घडीवर घडी घातली आणि बाकीच्या ठाणांवर ठेवून दिलं. दारातनं जाताना ती मानसिंगपाशी थबकली. तो वाट बघत राहिला, पण ती नुसतीच त्याच्याकडं बघून गेली. आपण 'पाणी घ्या' म्हणालेलं तिच्या लक्षात असणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

परत फिरायला उशीर झाला होता, म्हणून गाडी नीरेच्या काठाला सोडली. सूर्य अजून डोंगरावर होता. आनंदराव गाडीच्या जुवावर बसले आणि कुणाचंच नाव न घेता बोलले.

"घरला गेल्यावं मायलेकांनी चूल येगळी मांडा. माज्या घरात आता दोन तोंडं नगंत."

साळूबाई मुसमुसायला लागली. मानसिंगनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. "सांगितलं व्हतं तुला," एवढंच ती पुन:पुन्हा म्हणत राहिली. मानसिंगला वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

कुंडलिक पाण्याच्या कडेला दगडावर बसला होता. सगुणाबाई बराच वेळ त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिली, मग उठून मानसिंगकडं आली. आता शिव्या बसणार म्हणून तो उभा राहिला.

"ती भाषा किती दिसांत येती?" तिनं विचारलं.

"कोणती?"

"तुजी. जर्मन."

"मला पाच वर्षं लागली, थोरली आई. तरी नीट येत नाही."

"तेवडं न्हाई जमायचं मला. दोन-चार सबूद दे. जेव म्हणायला काय म्हणत्यात?"

"इस."

"इस," ती म्हणाली. मग जमिनीकडं बघत पुन्हा दोन-तीनदा म्हणून पाहिलं, पोरं पाढा घोकतात तसं. "आन् ये म्हणायला?"

"कोम."

"कोम. हे सोपं हाय."

"आईला म्हणतात..." मानसिंग सांगायला लागला, तेव्हा तिनं हातानं थांबवलं.

"ते नगं. ते त्यानं आपलंच म्हणायचं."

जुवावरून आनंदराव बायकोकडं बघत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं फडकं सोडलं, सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी काढली आणि लेकापुढं जाऊन बसली.

"कुंडलिका, कोम," ती म्हणाली. "इस."

कुंडलिकनं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, पण भाकरी घेतली. तिच्याकडं पाठ करून, डाव्या हाताचा आडोसा धरून तो भराभरा खायला लागला. अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी त्यानं सदऱ्याच्या आत सारली आणि वरून गुंडी लावली, सकाळी तिनं लावून दिलेलीच. तिनं ते सगळं पाहिलं. मग त्यानं मान वर केली आणि हळू आवाजात एक शब्द म्हणाला.

"डांके."

सगुणाबाईनं गर्रकन मागं वळून मानसिंगला हाक मारली. "काय म्हणला? मानसिंगा, आत्ता काय म्हणला त्यो?"

मानसिंगला तो शब्द पहिल्या धड्यापासून येत होता. त्याला आपल्याकडंही शब्द आहे, पुस्तकात, सभेत. पण हिर्डोशीत आजवर कुणी भाकरीसाठी आईचे आभार मानले नव्हते. ते परक्या माणसाचे मानतात.

"अजून दे म्हणतोय," तो म्हणाला.

सगुणाबाई लगबगीनं दुसरी भाकरी सोडायला लागली.